वजनकाटा आणि वाढते वय

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की कात्रजच्या घाटरस्त्यावर आणि टेकड्यांवर पहाटे पळणाऱ्या मुलांची संख्या वाढते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. स्पर्धेमुळे मुलाला वेळेवर झोपण्या-उठण्याची सवय लागते, हार पचवता येते, चार जणांत मिसळता येते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. परंतु याच मुलांपैकी काही जण अंगात जाड जर्किन घालून पळतात, दिवसभर उपाशी राहतात, पाणीही टाळतात. कारण एकच, वजन!

कुस्तीत वजनगट असतात आणि कबड्डीत किशोर व कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. दोन किलो जास्त भरले की मुलगा बाद. मग दोन दिवसांत वजन ‘उतरवले’ जाते. पालकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. दोन दिवसांत चरबी उतरत नाही, उतरते ते शरीरातील पाणी.

पाणी कमी झाल्यास काय होते?

पन्नास किलोच्या मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के घट झाली, तरी दम लवकर लागू लागतो. रक्ताचे प्रमाण घटते, हृदयाचे ठोके वाढतात, घाम कमी येतो आणि शरीर तापते. पायात गोळे येतात, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. वजन झाल्यावर तासाभरात भरपूर पाणी प्यायले तरी ही झीज लगेच भरून निघत नाही. म्हणजे ज्या सामन्यासाठी हे सारे केले, त्याच सामन्यात मुलगा कमी पडतो.

हा धोका जिवावरही बेततो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रकारे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथील नियम बदलण्यात आले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट हिने 53 ऐवजी 50 किलो गटात उतरून अंतिम फेरी गाठली. पण अंतिम सामन्याच्या सकाळी रात्रभराच्या प्रयत्नानंतरही वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि पदक हुकले.

याउलट आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण पाहा. 1948 साली लंडनला ते फ्लायवेट या हलक्या गटात लढले व सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला ते त्याहून वरच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वरच्या गटात जाणे म्हणजे माघार नव्हे, हा धडा प्रत्येक तालमीने घ्यावा.

काय करावे?

1. मुलाचे नेहमीचे वजन मोसमाच्या सुरुवातीलाच पाहून गट ठरवावा. वाढत्या वयात वजन वाढणारच.
2. जेवण तोडू नये. भाकरी, डाळ-उसळ, दूध, अंडे, केळी, शेंगदाणे हा साधा आहार पुरेसा आहे.
3. सरावाआधी, मध्ये आणि नंतर पाणी द्यावे. लघवी गडद पिवळी होत असल्यास पाणी कमी पडते आहे असे समजावे.
4. लघवी वाढवणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या वजनासाठी कधीही देऊ नयेत.
5. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी.
6. खेळाडू मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते.

सरावात मूल बरळू लागले, अंग फार तापले किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

शाळेला ढाल हवी असते, मंडळाला चषक हवा असतो, पालकांना दहावीचे क्रीडागुण हवे असतात. यात गैर काही नाही. मात्र शिक्षकांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वजनकाट्याजवळ उभे राहून मुलाला एवढे जरूर विचारावे, “बाळा, आज सकाळी जेवलास का?” उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी त्याला खेळवू नये.