न स्पर्शता मोजलेली वाहकता

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, तेल्हारा भागांतल्या वाचकांना विहिरीच्या मचूळ पाण्याची चव सांगायला नकोच. असे पाणी पिकाला देत राहिले, तर काळ्या जमिनीत क्षार साचतात व मुळांना पाणी शोषणे जड जाते. म्हणून क्षार कोठे किती आहे, हे आधी कळावे लागते.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन वीज वाहून नेतात. त्यामुळे वाहकतेवरून क्षाराचा अंदाज येतो. प्रयोगशाळेत मातीचा संपृक्त लगदा करून त्याचा अर्क काढतात. अर्काची वाहकता मीटरला 4 डेसिसीमेनपेक्षा अधिक भरली, तर जमीन क्षारयुक्त समजतात. पण हे उत्तर मूठभर मातीचे झाले! शेतात दोन सळया रोवून वाहकता मोजू गेलो, तर भेगाळलेल्या मातीशी सळईचा संपर्क नीट होत नाही आणि तेथला रोध मातीच्या रोधात मिसळतो. चार सळया वापरून ही चूक बरीच टळते. मात्र दर ठिकाणी ठोकाठोक आलीच.

मग स्पर्शच टाळला तर? एका दांडीवर सुमारे 1 मीटर अंतराने तारेची दोन वेटोळी बसवतात. पहिल्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. फॅरेडेने 1831 साली दाखवलेल्या प्रवर्तनानुसार जमिनीत आवर्त प्रवाह उत्पन्न होतात. माती जितकी वाहक, तितके ते प्रबळ. त्यांचे चुंबकक्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. दांडी घेऊन शेतभर चालले की नकाशाच तयार होतो! मात्र ओलावा आणि चिकणमातीही वाहकता वाढवतात, जवळचे तारेचे कुंपणही घोटाळा करते. त्यामुळे काही नमुने प्रयोगशाळेत तपासून ताळा घ्यावाच लागतो.

संपर्काची अडचण केवळ शेतातली नाही. 1980 साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या पातळ थराचा हॉल रोध ठरावीक पायऱ्यांनी बदलताना दिसला. 25,812.8 ओहमला 1, 2, 3 अशा पूर्णांकांनी भागा, म्हणजे त्या पायऱ्या मिळतील. पायरीवर असताना थराचा अंतर्भाग जवळजवळ वीज वाहतच नाही. प्रवाह कडेने जातो. कडेला जोडलेल्या तारांना आतली हकीकत कशी कळणार? म्हणून स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहर सोडतात. तिच्यासोबत विद्युतक्षेत्रही सरकते व इलेक्ट्रॉन त्याला प्रतिसाद देतात. लहर किती क्षीण झाली आणि तिचा वेग किती बदलला, यावरून आतल्या भागाची वाहकता काढतात.