दुर्बळ अवयवांचा मान

देहाविषयी आपल्या खेड्यांत दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. देह म्हणजे माती, त्याचे कौतुक ते काय, हे एक. धडधाकट असेल तोच माणूस, ज्याचे हातपाय गेले त्याचे काय उरले, हे दुसरे. ही बोलणी परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोहोंचा परिणाम एकच. अपघाताने पांगळा झालेला मनुष्य आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, आणि पाहुण्यांसमोर घरचे त्याचे नावही काढीत नाहीत. देहाचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात त्यांचीच अधिक गरज असते, अशा अर्थाचे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे. सेवकांनी ते मंडळीस लावून पुष्कळदा शिकविले. प्रत्यक्ष देहास लावून मात्र क्वचितच.

सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून त्यांस पोहण्यास लावण्यात आले. पाण्यात देहाचा भार पाणीच उचलते, म्हणून पाय निकामी असले तरी हातांच्या बळावर पुढे जाता येते. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ते ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून गेले व सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिक स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पुढे त्यांनी पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी केली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

हे सारे केवळ जिद्दीने झाले, असे वर्तमानपत्रे लिहितात. जिद्द होतीच, पण तेवढ्यावर कोणी जगत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत ज्यांच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू दुखावे, त्यांतील बहुतेक जण पाठीवरील जखमा चिघळून किंवा मूत्रमार्ग दूषित होऊन मरत. १९४४ साली इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रोग्यांस दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा नियम घातला आणि तो रात्रीही पाळला जातो की नाही हे स्वतः पाहिले. रोगी जगू लागले, तेव्हा कोठे खेळांचा विचार निघाला. १९४८ साली तेथे १६ जखमी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. तेच या क्रीडास्पर्धांचे मूळ. (ज्यू असल्यामुळे गुटमान यांस जर्मनी सोडावी लागली होती, १९७२ ची स्पर्धा त्याच देशात भरली.)

तेव्हा प्रथम शुश्रूषा, मग सामर्थ्य. निरोगी मनुष्य झोपेतही अंग हलवितो, कारण दुखणे त्यास हलविते. ज्याच्या पायांस संवेदना नाही त्यास ही सूचना मिळत नाही. हाडाखाली दबलेल्या कातडीचे रक्त थांबते आणि ती मरते. यास्तव माकडहाड, कुल्ले व टाचा ही ठिकाणे रोज पाहावी. स्वतःस दिसत नसतील तेथे हातआरसा धरावा. दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती नाहीशी होईपर्यंत त्या जागेवर भार देऊ नये. तेथे चोळूही नये. गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नये, कारण भाजले तरी कळणार नाही. आणखी एक गोष्ट संकोचाची आहे, तरी लिहितो: दुसऱ्यास त्रास नको म्हणून असे रोगी पाणी कमी पितात. त्याने मूत्ररोग बळावतो. घरच्यांनी हे ओळखून पाणी पाजावे आणि पुढची सेवा कुरकुर न करता करावी.

पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अशा सैनिकांचे केंद्र आहे. तेथे चाकांच्या खुर्चीत बसून खेळणारे आहेत. हातही गेलेले काही जण दातांत कुंचला धरून चित्रे काढतात. प्रत्येक खेड्यात असे केंद्र कोठून येणार? पण हातआरसा बहुतेक घरी असतो. सेवक अशा घरी प्रार्थनेस गेल्यावर, डोळे मिटण्यापूर्वी, आज पाठ कोणी पाहिली हे त्याने विचारावे. आणि कोणी पाहिली नसेल तर घरच्यांस बोलावून ती तेव्हाच पाहावयास लावावी.