परदेशी शिकायला निघालेल्या लेकरांची तब्येत



अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाडच्या आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली आता लंडन-अमेरिकेचे अर्ज भरू लागली आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. घरात धावपळ असते ती पासपोर्ट, दाखले, बँक यांची. तब्येतीचा विचार विमानात बसल्यावर होतो. म्हणून हा धडा.

बाबासाहेबांनाही जुळवून घ्यावं लागलं

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. हार्टले हॉल वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवलं नाही. त्यांनी थोड्याच दिवसांत जागा बदलली. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र सोबत मिळाला. ती मैत्री आयुष्यभर टिकली आणि लंडनच्या अडचणीच्या काळात याच मित्राने पैशाची मदत केली. जेवण नको वाटणं, जागा बदलणं, मित्राचा हात धरणं यात कमीपणा नाही. "बाबासाहेबांनी सोसलं, तूही सोस" असं मुलाला सांगू नका.

जाण्याआधी

१. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते. ती मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते. छातीचा एक्स-रे काढतात. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. टीबी औषधाने बरा होतो. तपासणी लवकर केली तर उपचाराला वेळ मिळतो.

२. लसींची नोंद शोधा. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींच्या लसीचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला मिळते, गालगुंडाची लस त्यात नसते.

३. दात आणि चष्म्याचं काम इथेच उरका. तिकडे ते फार महाग पडतं.

४. हिमोग्लोबिन तपासा, मुलींचं तर नक्कीच. रोजची गोळी असेल तर डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. त्यात कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव हवं. तिकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही.

पोचल्यावर

ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्याचा आकार भरावा लागतो. २०२४ पासून विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे. पैसे भरलेले आहेत, तेव्हा पहिल्याच आठवड्यात राहत्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. आजारी पडल्यावर धावू नका. तातडीला ९९९ आणि सल्ल्याला १११ हे नंबर भिंतीवर लावा. अमेरिकेत तातडीला ९११. तिथे विम्याशिवाय दवाखान्याचं बिल कंबर मोडतं, म्हणून विम्याचे कागद नीट वाचून घ्या.

डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. आपण समुद्रकाठची, उन्हातली माणसं. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं. तिथलं सरकारी आरोग्य खातं हिवाळ्यात सगळ्यांना, आणि सावळ्या माणसांना वर्षभर, रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची गोळी घ्यायला सांगतं. रोज दिवसाउजेडी अर्धा तास चालाही.

ब्रेड आणि नूडल्सवर दिवस काढू नका. डाळ, भात, अंडी, मासे शिजवायला इथेच शिकून जा, मुलग्यांनीही. फोडणीच्या धुराने तिथला अलार्म वाजतो, तेव्हा खिडकी उघडून, मंद आचेवर करा. सुकट-बोंबील न्यायचे असतील तर त्या देशाचा नियम आधी पाहा.

पैशाच्या ओढीने रात्रपाळ्या वाढवू नका. ब्रिटनमध्ये पदवी घेणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. जास्त केलं तर झोपही जाते आणि व्हिसाही.

मनाचं दुखणं

घरची आठवण येणं, रडू येणं हे पहिल्या काही आठवड्यांत होतंच. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, असं झालं तर विद्यापीठाच्या समुपदेशकाला भेटा. मरणाचा विचार आला तर त्याच घडीला कोणाला तरी सांगा. अमेरिकेत त्यासाठी ९८८ हा नंबर आहे.

आपल्या मुलांना आणखी एक जाच होऊ शकतो. तिथेही एखादा भारतीय "आडनाव काय?" विचारून अंदाज घेतो. मुलं हे घरी सांगत नाहीत. अशा वेळी तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि विद्यापीठाकडे तक्रार करा. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये जातीवरून भेदभावाला नियमानेच बंदी घातली. सिएटल शहराने २०२३ मध्ये तसा कायदा केला.

घरच्यांसाठी

हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. फोनची वेळ ठरवून घ्या. "निकाल काय? पैसे कधी पाठवशील?" याआधी "जेवलास का? झोपलीस का? सोबत कोण आहे?" हे विचारा. "मी बरा आहे" एवढंच उत्तर पुन्हा पुन्हा आलं तर व्हिडिओ कॉल करून चेहरा बघा. वस्तीने सत्कार केला, हार घातले, म्हणून त्या पोराने हरूच नये असं नाही. "जमलं नाही तर परत ये, घर तुझंच आहे" हे वाक्य जाण्याआधीच त्याच्या कानावर घाला. एवढा आधार पाठीशी असला की लेकरू अडचण दाबून ठेवत नाही, वेळेवर सांगतं. आणि वेळेवर कळलेल्या दुखण्यावर बहुतेक वेळा इलाज निघतो.