वयस्कांची खाज: कुठे दाखवायचे, किती पैसे लागतील

ही माहिती मानपाड्यात राहणाऱ्यांसाठी, पण मानपाडे दोन आहेत, म्हणून आधी पत्ता. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्याला राहत असाल तर कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. डोंबिवलीच्या मानपाड्याला असाल तर शास्त्रीनगर रुग्णालय, नाहीतर कल्याणचे रुक्मिणीबाई. त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आदल्या दिवशी विचारा आणि सकाळीच रांग लावा. केसपेपरपेक्षा रिक्षाचेच पैसे जास्त होतील.

सोबत आधार, जुने कागद आणि रोजच्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. रक्तदाबाच्या किंवा युरिक ॲसिडच्या गोळीनेही पुरळ उठते. लावून झालेल्या ट्यूबही दाखवा.

खासगी तज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १५०० रुपये. फेरतपासणी किती दिवसांत फुकट, हे फोनवरच विचारा. बायोप्सी सांगितली तर तुकडा काढण्याचे आणि लॅबचे पैसे वेगळे असतात का, तेही.

फीपेक्षा जास्त पैसे औषधांच्या काउंटरवर जातात. पण उतारवयातली बरीच खाज निव्वळ कोरडेपणाची असते. कोमट पाण्याने झटपट आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच पांढरी पेट्रोलियम जेली, एवढ्याने पुष्कळांचे भागते. (तळव्यांना लावलीत तर मोजे घाला, घसरून मोडलेले हाड फार महाग पडते.) चिठ्ठीवर महागडे लोशन आणि साबण दिसले तर विचारा, हे औषध की सौंदर्यप्रसाधन? औषधांची जेनेरिक नावे लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतील.

केमिस्टने स्वतःहून दिलेली ‘नायट्याची ट्यूब’ मात्र घेऊ नका. तीत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम, मग नायटा पसरतो, कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्राने अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीच्या यादीत घातली. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, हा भाग वेगळा.

खाज रात्री वाढते आणि घरात दोघातिघांना आहे? खरूज असू शकते. डॉक्टरांनी परमेथ्रिन दिले तर ते एकाच रात्री सगळ्यांनी लावायचे, सांभाळणाऱ्या बाईंनीही. एकट्या आजोबांना लावले तर पैसे वाया.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग, म्हणजे बहुधा नागीण. गेरू लावत बसू नका. गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीनंतर घ्यायच्या प्रतिबंधक लशीचे दोन डोस असतात, एकेक साधारण दहा हजारांचा, तोही बहुतेकदा खिशातून.

सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड ५ लाखांचे, उत्पन्नाची अट नाही. पण ते दाखल झाल्यावरच्या उपचारांना चालते, ओपीडीच्या मलमाला नाही. कार्ड फुकट निघते. काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या शय्याव्रणांसाठी घरी नर्स बोलावणार असाल तर सांगितलेल्या दरात पट्टी, जेल, हातमोजे धरलेत का, हे आधी ठरवा. हवेची गादी भाड्यानेही मिळते. अनामत कधी परत देणार ते पावतीवर लिहून घ्या. गादी आली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.