आधी मागची सीट बघा

जावईबापू गाडी बघतायत हे ताईकडून कळलं. त्यांनी मला तीन-चार मॉडेलांची यादीही पाठवली आहे. प्रत्येक नावापुढे मायलेज, सनरूफ, स्क्रीन केवढी ते लिहिलंय. हौस असावीच. पण येणाऱ्या बाळासाठी जे बघायला हवं ते त्या यादीत नाही, म्हणून तुम्हा दोघांना हे लिहितोय. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी नोकरी ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली. बॉनेटचा चुराडा झालेला आणि आतली माणसं धडधाकट, असंही पाहिलं. बाहेरून गाडी बरी दिसतेय आणि मागे बसलेलं माणूस गेलंय, असंही पाहिलं. पुष्कळदा फरक पट्ट्याचा असायचा.

तेव्हा गाडीची निवड मागच्या सीटपासून सुरू करा. बाळाची जागा तिथेच आहे.

आपल्याकडे बाळ हॉस्पिटलमधून घरी येतं ते आजीच्या मांडीवर. त्यात माया आहे, पण सुरक्षितता अजिबात नाही. ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. त्या क्षणी चार किलोच्या बाळाची ओढ शंभर किलोच्या घरात जाते. कितीही घट्ट धरलं तरी बाळ हातात राहत नाही. आजीने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचाही भार बाळावर येतो. आणि आई-बाळ दोघांवरून मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट. आईचं वजन आणि पट्टा यांच्यामध्ये बाळ चेंगरतं. 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गाडीच्या अपघातात गेले. दोघेही मागे बसले होते, पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे वाचले. मागच्या सीटला पट्टा लागत नाही, ही समजूत घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातून काढा. कायद्याचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड आहे.

बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं, लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा, आणि मान अजून कोवळी. तोंड पुढे असेल तर ब्रेक लागल्यावर ते डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळंच सीटच्या कवचात एकत्र दाबलं जातं आणि धक्का वाटला जातो. निदान 15 महिन्यांपर्यंत तरी असंच बसवा. सीटवर दिलेल्या वजन-उंचीत बाळ मावत असेल तर त्याहून जास्त काळ. पाय दुमडले जातायत म्हणून घाईने फिरवू नका, मुलांना त्याचं काही वाटत नाही. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, अशी सीट कधीच ठेवायची नाही. एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच, आदळते. पुढच्या सनव्हायझरवर तसं चित्र असतं, दोघांनी एकदा नीट बघा.

आता सुरक्षिततेचे तारे. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे गाड्या धडकवून तारे देणारी भारत एनकॅप ही चाचणी आहे. त्यात मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी अशी दोन वेगवेगळी मानांकनं असतात. जाहिरातीत झळकतं ते बहुतेक मोठ्यांचं. तुम्ही मुलांचं बघा. ते 49 गुणांपैकी असतं: 24 प्रत्यक्ष धडकेचे, 12 चाइल्ड सीट गाडीत नीट बसते का याचे आणि 13 गाडीतल्या सोयींचे. धडकेच्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या डमी बसवतात. ही चाचणी कंपन्यांवर सक्तीची नाही, त्यामुळे यादीतल्या एखाद्या गाडीला तारेच नसतील. मी अशी गाडी घेणार नाही. दोन गाड्यांचे तारे सारखे असतील तर मुलांचे गुण जिचे जास्त, ती घ्या. आणि तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आहेत ना, हे कागदावर बघा, सेल्समनच्या तोंडून नको.

शोरूममध्ये जाताना चाइल्ड सीट सोबत न्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण फारसं कुणी करत नाही. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथल्या फटीत बोटं घाला. दोन धातूच्या कड्या लागतील, त्या आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या. काही गाड्यांत त्या इतक्या आत असतात की सीट अडकवताना बोटं सोलवटतात. सीट बसवा, हलवून बघा. जिथे अडकवलीय तिथे ती बोटभरसुद्धा सरकता कामा नये. सीटला खाली टेकणारा पाय असेल तर तो जिथे टेकतो ती जमीन भरीव आहे का बघा. काही गाड्यांत तिथे सामानाचा कप्पा असतो, त्याच्या झाकणावर पाय टेकवून चालत नाही. मग जावईबापू, पुढच्या सीटवर बसा. मागे तोंड केलेली सीट बरीच जागा खाते. तुमचे गुडघे डॅशबोर्डला लागत असतील तर ती गाडी तुमच्या कामाची नाही, मग ती कितीही सुंदर असो. आणि पोरी, सिझेरियन झालं तर कमरेत वाकून, वळून बाळ आत ठेवणं तुला जड जाईल. मागचं दार किती उघडतं आणि सीट किती उंचीवर आहे, हे तू स्वतः उभी राहून बघ. मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा हवा, कारण तिथे आजी बसणार. नागपुरात राहायचंय तर मागे एसीचे झरोके हवेतच. आणि उन्हात उभ्या गाडीत बाळाला बसवण्याआधी पट्ट्याचं बक्कल हाताने चाचपून बघत जा, चटका बसेल इतकं तापतं.

दुपट्याचं मुद्दाम सांगतो. गुंडाळलेलं बाळ सीटच्या पट्ट्यांत बसतच नाही, कारण एक पट्टा पायांमधून येतो. झबलं-टोपरं राहू दे, दुपटं सोड. आधी पट्टे लावायचे, खांद्याच्या उंचीवर किंवा जरा खालून निघणारे, आणि खांद्यापाशी चिमटीत धरून बघायचे. चिमटीत घडी आली तर सैल आहेत, आणखी ओढ. मग वरून दुपटं घाल.

गाडी घरी आल्यावर सजावटीचा मोह आवरा. बाजूच्या एअरबॅगा सीटमध्ये असतील तर बाजारू सीट कव्हर त्यांची वाट अडवतं. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका. गणपती देवघरात छान शोभतो. मागच्या फळीवर स्टीलचा डबा, थर्मास, नारळ नको, धडकेत तेच बाळाच्या दिशेने येतं. पट्ट्याची पिपाणी बंद करणारी ती क्लिप कुणी दिली तर फेकून द्या.

बजेटमुळे जुनी गाडी घ्यायची ठरली तर मला घेऊन जा. तोवर एवढं लक्षात ठेवा: चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी काहीतरी लपवलंय, समजा. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटलेले टायर समृद्धी महामार्गावर नकोतच.

समृद्धीचा विषय निघालाच आहे. माहेरून नागपूरला जाताना सिन्नरहून पाचशेहून जास्त किलोमीटर होतात. एवढं तान्हं बाळ सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. पहिले तीन महिने रेल्वेने जा असंच मी म्हणेन. गाडीनेच जायचं तर मध्ये मुक्काम करा.

चाइल्ड सीट कुणाची वापरलेली घेऊ नका. ती एखाद्या अपघातातून गेली असेल तर आतली तडे गेलेली बाजू दिसत नाही. नवी सीट मी घेतोय, मामाचा आहेर म्हणून. बाळ यायच्या आधी घरात काही आणू नये असं आजी म्हणेल आणि तिचा मान ठेवायचाच आहे, म्हणून सीट माझ्याकडे राहील. शोरूमला जायचा दिवस ठरला की कळवा, डिकीत टाकून घेऊन येतो.