ऑनलाईन समुपदेशन : पहिल्या सेशनआधी माहीत हवं असं काही

वर्कशॉपमध्ये लेथमधून वेगळा आवाज यायला लागला तर आपण मशीन बंद करतो आणि सरांना बोलावतो. ताप उतरला नाही तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर गाठतो. पण झोप उडाली, पुस्तक उघडून तासभर एकच पान समोर राहिलं, मेसला जावंसं वाटेना, घरून फोन आला की छातीत धडधडायला लागलं, तर मात्र "सबमिशन संपू दे, मग बघू" असं म्हणत अख्खी सेमिस्टर काढतो. कारण एकच. लोक काय म्हणतील?

२०२० च्या लॉकडाऊनपासून आपल्याकडे बरेच मानसतज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर किंवा फोनवर सेशन घेऊ लागले. त्यामुळे आडगावच्या कॉलेजातल्या मुलालाही पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी बोलता येतं. नैराश्य आणि चिंता यांसारख्या त्रासात व्हिडिओवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांइतकेच उपयोगी पडतात, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा सुरुवात कशी करायची ते क्रमाने पाहू.

१) कोण कोण असतं?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो एमबीबीएस होऊन पुढे या विषयात शिकलेला डॉक्टर असतो आणि औषधं देऊ शकतो. सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसतज्ज्ञ. तो मानसशास्त्र शिकलेला असतो, चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, पण औषधं लिहून देत नाही. गरज वाटली तर तोच तुम्हाला सायकियाट्रिस्टकडे पाठवतो.

नेटवर "लाईफ कोच", "माईंड गुरू" असे बरेच भेटतात. म्हणून शिक्षण कुठे झालं, अनुभव किती, हे सरळ विचारावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का तेही विचारावं. खरा तज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाही. "तीन सेशनमध्ये गॅरंटीने बरा करतो" असं कोणी म्हणालं तर तिथूनच रामराम करावा.

२) पहिल्या सेशनला काय होतं?

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. पहिल्या वेळी माहितीच जास्त घेतली जाते. त्रास कधीपासून, झोप-जेवण कसं, घरी कोण कोण, आधी काही उपचार झाले का, जीव नकोसा वाटतो का. शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका, तो सगळ्यांनाच विचारतात आणि त्याचं उत्तर खरंच द्यायचं असतं. फी किती, विद्यार्थ्यांना सवलत आहे का, सेशन रद्द केलं तर पैसे जातात का, हे आधीच बोलून घ्यावं. वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते, फर्स्ट इयरच्या काही जणांनी हे लक्षात ठेवावं.

"मी सांगितलेलं घरी कळेल का?" हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र तज्ज्ञ जवळच्यांना कळवू शकतो. ही मर्यादा पहिल्याच दिवशी समजून घ्या.

एका सेशनमध्ये चमत्कार होत नाही. तीन-चार सेशननंतरही सूर जुळला नाही तर तसं सांगून तज्ज्ञ बदलता येतो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

३) हॉस्टेलच्या अडचणी

पहिली अडचण रूम पार्टनर. त्याला "इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस आहे, तासभर बाहेर थांब" एवढं सांगितलं तरी भागतं. खरं सांगितलं तर आणखी बरं, कदाचित त्यालाही तेच हवं असेल. गच्ची, रिकामी क्लासरूम किंवा कँपसमधलं झाडाखालचं बाकही चालतं. इअरफोन मात्र हवाच, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही. नेट रडत असेल तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोला. मधेच कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरवा. तज्ज्ञाला आपला सध्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर द्यावा, कारण तो दूर बसलेला असतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून सेशन करू नये.

४) घरच्यांबरोबर सेशन

आता आपल्या सिलॅबसमधलाच एक मुद्दा. पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे चांगला फीडबॅक नव्हे, आउटपुट वाढत वाढत सिस्टिम अनस्टेबल करणारा, हे आपण कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकतो. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाचं 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक १९४८ साली आलं. त्यातली फीडबॅकची कल्पना ग्रेगरी बेटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात कुटुंबाच्या अभ्यासाला लावली. कुटुंब-उपचारांच्या पायात हीच कल्पना आहे.

उदाहरण घ्या. मुलाला केटी लागते. बाबा काळजीने रोज फोन करतात, "अभ्यास किती झाला?" मुलगा वैतागून फोन उचलत नाही. बाबांची काळजी वाढते, फोन दुप्पट होतात. मुलगा मोबाईल स्विच ऑफ करतो. आई रडते, बाबा आईवर चिडतात. इथे दोष कोणाचा? बाबा म्हणतात मुलाचा, मुलगा म्हणतो बाबांचा. तज्ज्ञ दोष शोधत बसत नाही, लूप शोधतो आणि तो कुठे तोडता येईल ते पाहतो. फोन आठवड्यातून दोनच वेळा, आणि त्यातला एक अभ्यासाबद्दल नाही, एवढ्या साध्या करारानेही घरातलं वातावरण सैल पडू शकतं.

ऑनलाईनचा फायदा इथे मोठा आहे. बाबा गावी, ताई पुण्याला, मुलगा हॉस्टेलवर, तरी सगळे एका स्क्रीनवर येतात. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि मधेच रागाने कॉल कट करायचा नाही, हे दोन नियम पाळावे. घरी विषय काढताना "मला वेड लागलंय" किंवा "तुमच्यामुळे झालं" अशी सुरुवात नको. "मला झोप लागत नाही, अभ्यास होत नाही, एकदा सगळे मिळून बोलू या का?" एवढं पुरतं.

५) चॅटबॉट चालेल का?

१९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉमने 'एलायझा' हा प्रोग्रॅम जाहीर केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा आपलंच वाक्य प्रश्न करून परत विचारायचा. त्यामागे समज काहीच नव्हती, तरी माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करू लागली. हे पाहून खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाला. आजचे चॅटबॉट कितीतरी हुशार आहेत. रात्री दोनला मनातलं लिहून काढायला ते ठीक. पण आपली जबाबदारी घेणारा माणूस तिथे नसतो, हे विसरू नये.

६) ऑनलाईनवर थांबू नये तेव्हा

मित्र जीव देण्याची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, त्याला नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडू नका, रेक्टरना उठवा, हॉस्पिटलमध्ये न्या. ११२ किंवा १०८ लावा. "कोणाला सांगू नकोस" असं वचन त्याने घेतलं असलं तरी ते मोडा. मैत्री तुटली तर पुन्हा जोडता येते.

नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही.

७) स्टाफसाठी दोन शब्द

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि हेल्पलाईन नंबर हॉस्टेलमध्ये ठळकपणे लावलेले हवेत, हे त्यात आहे. त्याशिवाय आपण एवढं करू शकतो: हॉस्टेलमधली एक छोटी खोली सेशनसाठी राखून ठेवणं, आणि रजिस्टरमध्ये कारण न विचारता किल्ली देणं. सेशनसाठी प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागणाऱ्या मुलाला चारचौघांत "काय झालं रे तुला?" असं विचारू नये, एवढीही मदत मोठी आहे.

मित्रांनो, आज रात्री एकच काम करा. १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. तुम्हाला लागणार नाही कदाचित, पण शेजारच्या रूममध्ये कोणाला लागेल ते सांगता येत नाही.