भिजलेला कॅमेरा आणि तांदळाचा डबा

प्रश्न : रोवणीचे फोटो काढताना झडीत माझा कॅमेरा भिजला. घरच्यांनी तो लगेच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सांगितला. आमच्या जिल्ह्यात तांदळाला तोटा नाही, पण याचा खरंच उपयोग होतो का? आणि पावसात कॅमेरा घेऊन बाहेर पडायचंच असेल तर काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, देवरी (जि. गोंदिया)

उत्तर : तांदूळ भातासाठी राहू द्या. कॅमेऱ्याला त्याचा फायदा जवळजवळ शून्य आणि त्रास मात्र होऊ शकतो.

याचं कारण देवरीकरांना पटकन पटेल. खरेदी केंद्रावर धान नेलं की आधी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात जातात. सरकारी खरेदीत धानाला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, भरडलेल्या तांदळाला १४च्या आसपास. म्हणजे ज्याला आपण कोरडा खडखडीत तांदूळ म्हणतो, त्याच्या एका किलोतही सव्वाशे ग्रॅमहून जास्त पाणी मुरलेलं असू शकतं. शिवाय दाणा भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. उन्हाळ्यात तो वाळतो, श्रावणात सादळतो. झडीच्या दिवसांत घरातल्या डब्यातला तांदूळ आधीच हवेतली ओल पिऊन बसलेला असतो. तुमच्या कॅमेऱ्यातलं पाणी ओढायला त्याच्याकडे जागाच फारशी नसते. त्यापेक्षा फिरत्या पंख्याखाली ठेवलेला कॅमेरा लवकर सुकेल. त्यात तांदळाला चिकटलेला बारीक कोंडा लेन्सच्या कड्यांत, चार्जिंगच्या भोकात, बटणांच्या फटीत शिरतो तो वेगळाच. भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं अॅपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं, तेही याच कणांच्या भीतीने.

भिजल्यावरची पहिली पाच मिनिटं खरी महत्त्वाची. कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा. ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा सुरू करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि बहुतेक कॅमेरे पाण्यापेक्षा त्या मोहानेच जातात : पाणी असताना वीज फिरली की सर्किट गंजायला आणि जळायला वेळ लागत नाही. झूमचं कडंही फिरवू नका. लेन्स पुढेमागे होताना पंपासारखी हवा ओढते आणि बाहेर थांबलेला थेंब आत जातो. सुती कपड्याने टिपून घ्या, घासू नका. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको, कडक उन्हातही नको. गरम हवेने पाणी आणखी आत ढकललं जातं आणि वंगण पातळ होऊन लेन्समधल्या पाकळ्यांवर पसरतं. वरवर सुकला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत दोन-तीन दिवस राहू द्या. सिलिका जेल कोरड्या हवेतूनही ओल ओढत राहतं, तांदूळ तिथे हात टेकतो. मात्र कॅमेरा बांधीतल्या चिखलात किंवा बोडीत पडला असेल तर हे उपाय करत बसू नका. त्या पाण्यातली माती आणि क्षार आतच वाळतात. बॅटरी काढा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आता बाहेर पडण्याविषयी. पावसाळ्यात नवेगाव-नागझिऱ्याच्या गाभ्यातली सफारी बंद असते, तेव्हा कॅमेरा निघतो तो बांध्यांवर, तलावांवर, नाहीतर सालेकसा तालुक्यातल्या हाजरा धबधब्याकडे. महागडं रेनकव्हर नसलं तरी अडत नाही. एक जाड पन्नी घ्या, लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा, ते हूडवर ताणून रबराने घट्ट बसवा. मागचं तोंड उघडं ठेवून हात आत घाला. हूड न चुकता लावा, समोरच्या काचेवरचे निम्मे थेंब तोच अडवतो. धबधब्याजवळ तुषार सगळीकडून येतात, तिथे काच खाली झुकवून ठेवा आणि फोटोपुरतीच वर करा. पावसात लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. ‘वेदर सील्ड’ म्हणून विकलेल्या कॅमेऱ्यावर फार विसंबू नका : लेन्सच्या बुडाशी रबरी कडं नसेल तर कॅमेऱ्याच्या सीलला अर्थ उरत नाही. आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

पावसाचा थेंब न लागताही कॅमेरा भिजतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. नागपूरहून एसी गाडीत महामार्गाने आलात, देवरीला उतरून लगेच कॅमेरा काढला, की काच धुरकट. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २७ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. गाडीत गार झालेला कॅमेरा २३-२४ अंशांवर असतो. हे दव काचेच्या आतही धरतं, तिथे कपडा पोहोचत नाही. उतरायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा बंद पिशवीतच गरम होऊ द्या. दव पिशवीवर धरेल.

उरली बुरशी. माझ्या मते विदर्भाच्या या पट्ट्यात पावसाहून जास्त लेन्सा तिनेच खाल्ल्या असतील. आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात, आणि त्यांचं आम्ल काचेवरचा लेप कायमचा खातं. चामड्याची पेटी आणि लाकडी कपाट या दोन सर्वांत वाईट जागा. रबरी कड्याचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढ्यात काम भागतं. काटा ४० ते ५०च्या मध्ये ठेवा. ३०च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतात. सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे, तेव्हा ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. त्यासाठी जुनं भांडं वेगळं काढा, किंवा नारिंगी दाणे विकत घ्या.